अमेरिकेतली ‘फुकट’ जमीन: होमस्टेड कायदा आणि पश्चिमेकडच्या वसाहती – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेच्या पश्चिम विस्ताराबद्दल आपल्याकडे विचारलं जातं ते बहुधा काउबॉय, सोन्याच्या खाणी आणि घोड्यांवरच्या चकमकींबद्दल. इथे मुद्दाम जमिनीचे प्रश्न पुढे घेतले आहेत. मिसिसिपी नदीच्या पलीकडची गवताळ मैदानं, म्हणजे आजची नेब्रास्का, कॅन्सस, उत्तर आणि दक्षिण डकोटा, ओक्लाहोमा ही राज्यं, कोणाच्या हातून गेली, कोणाला मिळाली आणि ज्यांना मिळाली त्यांचं तिथे कसं निभावलं, हे कळल्याशिवाय त्या काळाचं चित्र अर्धवटच राहतं.

होमस्टेड कायदा नेमका काय होता?

२० मे १८६२ रोजी अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी सही केलेला हा कायदा १ जानेवारी १८६३ पासून लागू झाला. एकवीस वर्षं पूर्ण झालेली किंवा कुटुंबप्रमुख असलेली व्यक्ती सरकारी जमिनीपैकी १६० एकरांपर्यंतचा तुकडा निवडून त्यावर दावा नोंदवू शकत होती. ती अमेरिकेची नागरिक असावी, किंवा नागरिक होण्याचा इरादा तिने रीतसर जाहीर केलेला असावा, आणि अमेरिकेविरुद्ध तिने कधी शस्त्र उचललेलं नसावं. त्या जमिनीवर घर बांधायचं, पाच वर्षं राहायचं, जमीन कसायची, आणि शेवटी दोन साक्षीदार घेऊन जमीन कचेरीत हजर व्हायचं. मग मालकीचा सरकारी कागद हातात पडायचा.

असा कायदा करायचे प्रयत्न आधीही झाले होते. दक्षिणेकडच्या गुलामधारक राज्यांना पश्चिमेत छोट्या स्वतंत्र शेतकऱ्यांची वस्ती नको होती, त्यामुळे ते अडत राहिले. १८६० मध्ये तर अध्यक्ष बुकॅनन यांनी मंजूर झालेलं विधेयक नाकारलं. यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेचे प्रतिनिधी संसदेतून निघून गेले आणि वाट मोकळी झाली.

पहिल्यांपैकी एक दावा डॅनियल फ्रीमन यांचा. १८६३ चं वर्ष उजाडताच, मध्यरात्रीनंतर लगेच, त्यांनी नेब्रास्कातल्या ब्राउनव्हिलच्या कचेरीत तो नोंदवला असं सांगितलं जातं. बिअ‍ॅट्रिस गावाजवळच्या त्यांच्या शेतावर आज राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे.

मग जमीन खरंच फुकट मिळत होती का?

कागदोपत्री खर्च फक्त शुल्काचा होता, सगळं मिळून सुमारे १८ डॉलर. पण नुसता जमिनीचा तुकडा म्हणजे शेत नव्हे. तिथपर्यंतचा प्रवास, बैलजोडी, गवताची घट्ट मुळं फाडणारा पोलादी नांगर, बियाणं, विहीर, आणि पहिलं पीक हाती येईपर्यंतचं खाणं, या सगळ्याला काही शे डॉलर लागत. कारखान्यात रोजंदारी करणाऱ्या माणसाकडे एवढी शिल्लक कुठून असणार? पूर्वेकडच्या शहरांतल्या गरिबांसाठी हा कायदा आहे असं सांगितलं गेलं, पण प्रत्यक्षात त्यातले थोडेच पश्चिमेला पोचले. गेले ते बहुतेक आधीपासून शेतकरीच होते: शेजारच्या राज्यांतले, किंवा जर्मनी, स्वीडन, नॉर्वे, बोहेमियातून आलेले.

थांबायचं नसेल तर पळवाटही होती. सहा महिने राहून एकरी सव्वा डॉलर भरला की जमीन नावावर होत असे. गुरांचे मोठे व्यापारी आणि लाकूड कंपन्या आपल्या नोकरांच्या नावाने दावे नोंदवून जमिनी गोळा करत. आपल्याकडे ज्याला बेनामी व्यवहार म्हणतात, तोच हा प्रकार.

१६० एकर हाच आकडा का?

तो १७८५ च्या जमीन मोजणी कायद्यातून आला. त्या कायद्याने देशाची सरकारी जमीन सहा मैल बाय सहा मैलांच्या चौरसांत आखायची ठरवलं. प्रत्येक चौरसाचे ३६ भाग, प्रत्येक भाग एक मैल लांब-रुंद, म्हणजे ६४० एकर. त्याचा चौथा हिस्सा १६० एकर. गुंठ्यांत सांगायचं तर ६,४०० गुंठे, हेक्टरात सुमारे ६५. विमानातून कॅन्सस किंवा नेब्रास्कावरून जाताना खाली जी चौकटींची अखंड रांगोळी दिसते, ती या मोजणीची.

आपल्या दोन-चार एकरांच्या हिशेबात १६० एकर म्हणजे जहागीर वाटेल. ओहायो किंवा इलिनॉयसारख्या भरपूर पावसाच्या प्रदेशात एका कुटुंबाला तेवढी जमीन पुरून उरत होती. पुढच्या कोरड्या मैदानात मात्र याच आकड्याने हजारो संसार मोडले. त्याबद्दल खाली पावसाच्या प्रश्नात सविस्तर आहे.

सरकारकडे एवढी जमीन आली कुठून? तिथे आधी कोणी राहत नव्हतं का?

राहत होते. सगळ्या मैदानभर राहत होते: लकोटा, डकोटा, शायान, अरापाहो, पॉनी, ओमाहा, कायोवा, कोमांची आणि आणखी कितीतरी लोक. १८०३ मध्ये अमेरिकेने फ्रान्सकडून दीड कोटी डॉलरला लुइझियानाचा प्रचंड प्रदेश ‘विकत’ घेतला, पण फ्रान्सचा त्यातल्या बहुतेक भागावर कधी प्रत्यक्ष ताबाच नव्हता. अमेरिकेला मिळाला तो इतर युरोपीय सत्तांना दूर ठेवून मूलनिवासींशी व्यवहार करण्याचा हक्क. जमीन त्यानंतर एकेका कराराने, धाकाने, सैन्याच्या बळावर आणि पुष्कळदा करार मोडून काढून घेण्यात आली.

१८६२ हेच वर्ष पाहा. मिनेसोटातल्या डकोटा लोकांनी १८५१ च्या करारांनी आपली बहुतेक जमीन सोडून दिली होती. तिच्या बदल्यात दरवर्षी पैसे आणि धान्य मिळायचं होतं. १८६२ च्या उन्हाळ्यात पैसे वेळेवर आले नाहीत, व्यापाऱ्यांनी उधारीवर धान्य द्यायला नकार दिला, आणि लोक उपाशी राहू लागले. ऑगस्टमध्ये युद्ध भडकलं. त्यात शेकडो गोरे वसाहतकरी मारले गेले, त्यांत बायका-मुलंही होती. ते दडपल्यावर लष्करी न्यायालयाने ३०३ जणांना फाशीची शिक्षा सुनावली. कित्येक खटले काही मिनिटांत उरकले होते. लिंकन यांनी यादी तपासून बहुतेकांची फाशी रद्द केली, तरी २६ डिसेंबर १८६२ रोजी मॅनकेटो गावात ३८ डकोटा पुरुषांना एकाच वेळी फासावर चढवलं गेलं. अमेरिकेच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी सामूहिक फाशी. त्यानंतर सहाच दिवसांनी होमस्टेड कायदा लागू झाला. पुढच्या वर्षी डकोटांना मिनेसोटातून हद्दपार करण्यात आलं आणि त्यांची जमीन वसाहतींसाठी खुली झाली. शाळेच्या पुस्तकांत या दोन घटना बहुधा वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. त्या एकत्र वाचायला हव्यात, कारण एकीची जमीन दुसरीतून आली आहे.

दुसरं उदाहरण ब्लॅक हिल्सचं. १८६८ च्या फोर्ट लॅरामी कराराने हे डोंगर लकोटांकडे कायमचे राहतील असं सरकारने लिहून दिलं. १८७४ मध्ये कस्टर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याच्या तुकडीला तिथे सोनं सापडलं. खाणवाले घुसले, सरकारने त्यांना आवरलं नाही. १८७६ च्या जूनमध्ये लिटल बिगहॉर्नला लकोटा, शायान आणि अरापाहो योद्ध्यांनी कस्टरचा पराभव केला, पण १८७७ मध्ये सरकारने डोंगर घेतलेच. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे घेणं बेकायदा होतं हे मान्य करून दहा कोटी डॉलरहून जास्त भरपाई कायम केली. लकोटांनी ती आजवर घेतलेली नाही. त्यांचं म्हणणं एकच आहे: डोंगर विकायचे नव्हते, परत द्या. ती रक्कम व्याजासह आता एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली आहे.

मूलनिवासींनाही जमिनी वाटून दिल्या होत्या ना?

१८८७ च्या डॉझ कायद्याने दिल्या, आणि त्याने सर्वांत मोठं नुकसान केलं. जमातीची सामाईक जमीन तोडून प्रत्येक कुटुंबप्रमुखाला १६० एकर द्यायचे, आणि वाटून उरलेली ‘जादा’ जमीन बाहेरच्यांना खुली करायची, अशी ती योजना होती. यामागच्या अनेक सुधारकांना मनापासून वाटत होतं की खाजगी मालकी आली की मूलनिवासी ‘सुधारतील’. १८८७ मध्ये त्यांच्याकडे सुमारे १३ कोटी ८० लाख एकर जमीन होती. १९३४ मध्ये हे धोरण थांबलं तेव्हा ४ कोटी ८० लाख उरली होती. आपल्याकडे गायरान किंवा देवराई वाटून टाकली की काय होतं, हे पाहिलेल्या माणसाला यात फार समजावून सांगावं लागणार नाही.

बैलगाड्यांच्या प्रवासात मूलनिवासींच्या हल्ल्यांत खूप लोक मरत का?

नाही. मिसूरीतून ओरेगनकडे जाणारी वाट साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास, प्रवास चार ते सहा महिन्यांचा. त्यात सर्वांत जास्त बळी पटकीने घेतले. नद्या ओलांडताना बुडणं, गाडीखाली सापडणं, चुकून गोळी सुटणं हेही पुष्कळ. हल्ल्यांत मेलेले त्यामानाने थोडे, आणि वाटेवरच्या मूलनिवासींनी प्रवाशांना रस्ता दाखवल्याच्या, धान्य विकल्याच्या, नदी पार करून दिल्याच्या नोंदी खूप आहेत.

रेल्वेचा यात वाटा किती?

फार मोठा. १८६२ च्याच जुलैत पॅसिफिक रेल्वे कायदा झाला. रूळ टाकतील तसतशी रेल्वे कंपन्यांना रुळांच्या दोन्ही बाजूंची एक आड एक चौकट सरकार देत गेलं. देशभरात अशा कंपन्यांना केंद्र सरकारने सुमारे १३ कोटी एकर जमीन दिली. त्यामुळे स्टेशनजवळची चांगली जमीन बहुधा कंपनीची असे आणि ती विकत घ्यावी लागे. फुकटाची जमीन लांब पडे. कंपन्यांनी जमीन खपवण्यासाठी युरोपात एजंट नेमले, वेगवेगळ्या भाषांत माहितीपत्रकं छापली. १८७४ च्या सुमाराला रशियातून कॅन्ससला आलेल्या जर्मनभाषक मेनोनाइट शेतकऱ्यांनी सोबत ‘टर्की रेड’ जातीचा हिवाळी गहू आणला, आणि पुढे त्या राज्याची शेतीच त्यावर उभी राहिली.

१० मे १८६९ रोजी युटातल्या प्रॉमन्टरी समिटला दोन्हीकडचे रूळ जुळले. सिएरा नेवाडाचा ग्रॅनाइट फोडून पश्चिमेकडचा मार्ग काढणारे बहुसंख्य मजूर चिनी होते. पुढे १८८२ मध्ये कायदा करून चिनी मजुरांना देशात यायलाच बंदी झाली.

रेल्वेने बायसन, म्हणजे तिथले रानगवे, हेही संपवले. १८७० च्या सुमारास त्यांच्या कातड्यापासून कारखान्यांचे पट्टे करता येऊ लागले. व्यावसायिक शिकारी कातडं काढून घेऊन बाकीचं धड तिथेच सोडत. कोट्यवधींचे कळप होते, १८८० चं दशक संपताना सगळे मिळून हजाराच्या आसपास उरले. मैदानातल्या जमातींचं अन्न, तंबू, पांघरूण सगळं या जनावरावर होतं. सैन्यातल्या अनेक अधिकाऱ्यांना ही कत्तल सोयीचीच वाटत होती.

झाडं नव्हती, मग घरं कशाची बांधत?

मातीची. गवताच्या मुळांनी घट्ट बांधलेला जमिनीचा वरचा थर नांगराने पट्ट्यांत कापायचा, त्याच्या विटा रचायच्या. भिंती दोन-तीन फूट जाड, उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात उबदार. पाऊस लागला की छत दोन-तीन दिवस गळत राही आणि भिंतीतून साप, उंदीर निघत. काही जण टेकडीच्या उतारात खणूनच राहत. जळणाला लाकूड नव्हतं, म्हणून आधी बायसनच्या आणि नंतर गुरांच्या रानशेण्या वेचून आणत. हे काम बहुतेक बायका-मुलांकडे असे. कुंपणाला लाकूड नव्हतं ही अडचण इलिनॉयचे शेतकरी जोसेफ ग्लिडन यांच्या १८७४ च्या काटेरी तारेने सोडवली, आणि मोकळ्या रानात गुरं चारण्याचे दिवस त्याच तारेने संपवले.

पाण्याचं आणि पावसाचं काय?

सगळी गोष्ट इथे येऊन अडते. पश्चिम रेखांश १०० ही रेषा डकोटा, नेब्रास्का, कॅन्सस कापत खाली जाते. ढोबळ मानाने तिच्या पूर्वेला कोरडवाहू शेती पिकते, पश्चिमेला वर्षाला ५०० मिलिमीटरहून कमी पाऊस पडतो. माण किंवा जत तालुक्यातल्या शेतकऱ्याला हा आकडा ओळखीचा आहे. अशा जमिनीत गव्हावर जगायला १६० एकर अपुरे, आणि गुरं चारायची तर फारच अपुरे.

हे वेळेत सांगणारा माणूस होता. जॉन वेस्ली पॉवेल हे भूशास्त्रज्ञ. यादवी युद्धात एक हात गमावलेला, त्यानंतर १८६९ मध्ये कोलोरॅडो नदीतून ग्रँड कॅन्यन पार केलेला. १८७८ च्या अहवालात त्यांनी लिहिलं की कोरड्या प्रदेशात चौकटी आखून चालणार नाही. पाणी जिथे आहे तिथे ८० एकर बागायत, आणि चराईसाठी २,५६० एकर, असे तुकडे करा. पाण्याचा हक्क जमिनीला जोडा, लोकांना एकत्र येऊन पाण्याचं नियोजन करू द्या. संसदेने ऐकलं नाही. जमीन विकणारे लोक उलट सांगत होते की नांगर लागला की पाऊस मागोमाग येतो. १८७० च्या दशकाच्या शेवटी आणि १८८० च्या सुरुवातीला पाऊस बरा झाला, त्यामुळे ते पटलंही. मग १८८० च्या दशकाच्या अखेरीपासून दुष्काळ पडत गेले आणि पश्चिम कॅन्ससमधली गावंच्या गावं ओस पडली. १९०९ मध्ये कायदा बदलून कोरड्या भागात ३२० एकर देण्यात आले. पॉवेल सात वर्षांपूर्वीच वारले होते.

एका शास्त्रज्ञाचा अहवाल बाजूला ठेवल्याची एवढी मोठी किंमत साध्या शेतकऱ्यांनी मोजल्याची उदाहरणं इतिहासात कमी आहेत. १९३० च्या दशकातली धुळीची वादळं हा त्याचाच पुढचा हप्ता होता: गवत उपटलेल्या जमिनीवरची माती वाऱ्यावर उडून गेली.

टोळधाड आणि हिमवादळं?

१८७४ च्या उन्हाळ्यात रॉकी पर्वताकडच्या टोळांनी उभं पीक तर खाल्लंच, अवजारांच्या लाकडी मुठी आणि दोरीवरचे कपडेही कुरतडले. हीच टोळाची जात पुढे नामशेष झाली. तिचे शेवटचे जिवंत नमुने १९०२ मध्ये मिळाले. १२ जानेवारी १८८८ ला सकाळी हवा उबदार होती, आणि काही तासांत हिमवादळ आलं. शाळेतून घरी निघालेली कितीतरी मुलं वाटेतच गोठली. एकूण मृत्यू दोनशेहून जास्त मानले जातात.

बायकांना आणि कृष्णवर्णीयांना जमीन मिळत होती का?

अविवाहित, विधवा किंवा नवऱ्याने टाकलेल्या स्त्रीला स्वतःच्या नावाने दावा करता येत होता, आणि हजारोंनी तो केला. नवऱ्यासोबत राहणाऱ्या स्त्रीला मात्र नाही.

कृष्णवर्णीयांना नागरिकत्व मिळाल्यावर कायद्याची दारं उघडली. १८७७ मध्ये केंटकीतून आलेल्या पूर्वीच्या गुलामांनी कॅन्ससमध्ये निकोडेमस हे गाव वसवलं. विलियाना हिकमन नावाच्या बाईंची आठवण नोंदलेली आहे. निकोडेमस आलं म्हणून नवऱ्याने बोट दाखवलं, तर त्यांना जमिनीतून वर येणारा धूर तेवढा दिसला. लोक जमिनीखाली खणून राहत होते. त्या तिथेच रडू लागल्या. तरी ते राहिले. १८७९ मध्ये दक्षिणेतल्या छळाला कंटाळून हजारो कुटुंबं कॅन्ससकडे निघाली. १८८८ मध्ये रेल्वे निकोडेमसला वळसा घालून गेली, व्यापार उठला, पण गाव पुसलं गेलं नाही. आजही तिथे वस्ती आहे.

चिनी लोकांना नागरिक होण्याचाच हक्क नव्हता, म्हणून होमस्टेडही नाही. भारतीयांबाबत १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तोच निर्णय दिला. तो अडसर १९४६ मध्ये दूर झाला.

ओक्लाहोमाची ‘धाव’ काय होती?

२२ एप्रिल १८८९ ला दुपारी बारा वाजता बार झाला आणि सुमारे पन्नास हजार माणसं घोड्यांवरून, गाड्यांतून, पायी, रेल्वेने सुमारे वीस लाख एकर जमिनीवर तुटून पडली. जो आधी खुंटी ठोकेल त्याची जमीन. गथ्री आणि ओक्लाहोमा सिटी ही शहरं संध्याकाळपर्यंत तंबूंची उभी राहिली. काही जण आदल्या रात्रीच आत शिरून लपले होते आणि त्यावरून पुढे वर्षानुवर्षं दावे चालले. हा प्रदेश आधी पूर्वेकडून हाकलून आणलेल्या जमातींना कायमचा म्हणून दिलेला होता. चेरोकींसारखे लोक १८३० च्या दशकात हजारोंचे बळी देत तिथे पोचले होते.

त्या काळात कोणा मराठी माणसाने हे पाहिलं होतं का?

पंडिता रमाबाईंनी. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला गेल्या आणि १८८८ च्या अखेरीपर्यंत त्या देशात फिरल्या. परतताना खंड ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोहून जपानमार्गे निघाल्या. डॉझ कायदा त्या तिथे असतानाच झाला. १८८९ मध्ये मराठीत लिहिलेल्या प्रवासवृत्तात त्यांनी अमेरिकेच्या लोकशाहीचं, स्त्रियांच्या संस्थांचं मनापासून कौतुक केलं, आणि मूलनिवासींवर झालेल्या अन्यायाची तेवढीच स्पष्ट निंदा केली. दोन्ही गोष्टी एकाच नजरेने पाहणारं असं लेखन तेव्हा अमेरिकेतही थोडंच होतं.

फ्रंटियर, म्हणजे पश्चिमेकडे सरकत जाणारी वस्तीची सरहद्द, कधी संपली?

१८९० च्या जनगणनेनंतर अधिकाऱ्यांनी जाहीर केलं की वस्तीची सलग सरहद्द आता दाखवता येत नाही. त्याच वर्षी २९ डिसेंबरला वून्डेड नीला सैन्याने सुमारे अडीचशे ते तीनशे लकोटांना ठार केलं, त्यात बायका-मुलं पुष्कळ होती. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक मेळ्याच्या निमित्ताने फ्रेडरिक जॅक्सन टर्नर यांनी अमेरिकन लोकशाही फ्रंटियरवर घडली असा सिद्धान्त मांडला. दोनच महिन्यांनी त्याच शहरात विवेकानंदांचं भाषण झालं. टर्नर यांच्या मांडणीत मूलनिवासींना जवळजवळ जागाच नव्हती, आणि पुढच्या इतिहासकारांनी तिच्यावर सर्वांत मोठा आक्षेप घेतला तो याच कारणाने.

जमीन वाटप मात्र तेव्हा संपलं नव्हतं. सर्वांत जास्त होमस्टेड जमीन विसाव्या शतकात, १९१३ च्या आसपास दिली गेली.

हा कायदा आज आहे का?

नाही. १९७६ मध्ये तो रद्द झाला, अलास्कात १९८६ पर्यंत चालला. एकूण सुमारे १६ लाख लोकांना २७ कोटी एकर जमीन मिळाली, म्हणजे देशाच्या जमिनीचा दहावा हिस्सा. दावा लावून पाच वर्षं न टिकलेले यात धरलेले नाहीत, आणि ते फार मोठ्या संख्येने होते.

जमिनीचे खटले मात्र चालूच आहेत. जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की पूर्व ओक्लाहोमातला मस्कोगी क्रीक लोकांचा राखीव प्रदेश संसदेने कधीच रद्द केलेला नव्हता, त्यामुळे फौजदारी कायद्यापुरता तो आजही अस्तित्वात आहे. टल्सा शहराचा मोठा भाग या प्रदेशात येतो.